अडीच लाखांचा प्लेअर, चौतीस रुपयांची डिस्क

घरात 4के प्रोजेक्टर आहे, 110 इंचांचा पडदा आहे, सात स्पीकर आणि एक सबवूफर आहे; आणि या सगळ्या लवाजम्याला चित्र-आवाज पुरवणारा डिस्क प्लेअर मात्र दहा वर्षांपूर्वीचा, साधा ब्लू-रे. तो बदलून उंची प्लेअर आणावा का, आणि आणायचाच तर किती उंची? बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये या प्रश्नाला दोन कट्टर बाजू आहेत. एक माझ्या बायकोची. ती इथल्याच एका कंपनीत व्हिडिओ कॉम्प्रेशनचं काम करते. सिनेमा इंटरनेटवरून घरोघरी पोहोचावा म्हणून त्याचं ओझं कमी करणं हा तिचा धंदा. दुसरी बाजू तिच्या मामांची. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्ट बेंचवर काढली आणि निवृत्तीनंतर इथेच, राजाजीनगरात राहिले. गंमत अशी की स्ट्रीमिंगवर पोट भरणाऱ्या भाचीला डिस्क हवी आहे, आणि कपाटभर डिस्क बाळगणाऱ्या मामांना नवा प्लेअर नको आहे. पैसे आमच्या जॉइंट खात्यातून जाणार होते, त्यामुळे मी कान देऊन ऐकलं. त्या वादातलं कामाचं तेवढं इथे देतो.

मामा : आधी मला सांग, आत्ताचा प्लेअर बिघडलाय का?

भाची : बिघडलेला नाही. पण तो 1080चा आहे. 4के डिस्क त्याच्यात चालत नाही आणि प्रोजेक्टर रिकामा बसतो.

मामा : मग 4के डिस्क चालवणारा साधासा प्लेअर घे. एवढी खलबतं कशाला?

भाची : तेच तर. तीन आहेत डोक्यात. पॅनासॉनिकचा यूबी 820, अमेरिकेत साधारण 500 डॉलर. त्याचा थोरला भाऊ यूबी 9000, हजाराच्या आसपास. आणि मॅग्नेटारचा यूडीपी 900, तीन हजार डॉलर.

मामा : म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, कस्टम्स वेगळं. आणि आत फिरणार तीच डिस्क.

भाची : डिस्क तीच. ती वाचून पुढे काय करायचं, तो फरक.

मामा : अगं, डिस्कवर शून्य आणि एक आहेत. लेझरने ते वाचले, एचडीएमआयच्या वायरीतून रिसीव्हरला दिले. डॉल्बी ट्रू-एचडी असो की डीटीएस मास्टर ऑडिओ, तो उलगडायचं काम रिसीव्हर करतो. अडीच लाखांचा प्लेअर शून्याला जास्त गोल शून्य करतो का?

भाची : आवाजाच्या बाबतीत तुझं बरोबर आहे. एचडीएमआयने रिसीव्हरला जोडलं की पाच हजारांच्या आणि अडीच लाखांच्या प्लेअरमधून तेच बिट जातात. महागड्या प्लेअरच्या पोटात जो भारी डॅक, म्हणजे शून्य-एकचा प्रत्यक्ष आवाज करणारा भाग असतो, तो तेव्हा नुसता बसून असतो. तो कामाला लागतो फक्त अ‍ॅनालॉग आउटपुट वापरलं तर. मॅग्नेटारचे बरेचसे पैसे त्याचेच आहेत : ईएसएसचे डॅक, एक्सएलआर आउटपुट, जड पत्र्याची पेटी.

मामा : आणि पेटीच्या नावाचे. लेक्सिकॉनची गोष्ट आठवते ना? 2010 साल. लेक्सिकॉनने बीडी-30 नावाचा ब्लू-रे प्लेअर काढला, किंमत 3,500 डॉलर. ऑडिओहोलिक्स या वेबसाइटच्या लोकांनी झाकण उघडून बघितलं तर आत ओप्पोचा 499 डॉलरचा बीडीपी-83! नुसता सर्किट बोर्ड उचलून घातला असता तर एक वेळ समजू शकलो असतो. ओप्पोचा अख्खा सांगाडा तसाच आत ठेवून वरून नवं कव्हर चढवलं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथे तर आत कथील आणि वर सोनुबाईची पाटी.

भाची : ती गोष्ट खरी आहे आणि आजही लागू आहे. मॅग्नेटार काय, रेव्हॉन काय, आणि बंद पडलेला ओप्पोचा यूडीपी 203 काय, डिस्क उलगडणारी चिप सगळ्यांची मीडियाटेकच्या एकाच घराण्यातली. यूबी 820 आणि यूबी 9000 यांचाही चित्राचा प्रोसेसर एकच. एचडीएमआयने जोडले तर डोळ्यांना फरक दिसायचं काही कारण नाही. थोरल्या भावाकडे जास्तीचं आहे ते भक्कम बांधणी आणि अ‍ॅनालॉग आवाज.

मामा : मग वाद संपला की!

भाची : संपला नाही, आता सुरू झाला. तू म्हणतोस तसं शून्य-एक जसेच्या तसे पुढे दिले की काम झालं, हे आवाजाला लागू आहे. एचडीआर चित्राला, म्हणजे उजेड-काळोखाचा पल्ला मोठा असलेल्या चित्राला, नाही.

इथे भाचीने उठून खोलीतला दिवा घालवला आणि प्रोजेक्टर लावला. तिचा मुद्दा डोळ्यांना दिसावा म्हणून तो थोडा खोलात सांगतो. उजेडाचं माप निट. 4के डिस्कवरचा सिनेमा स्टुडिओत तयार करताना सर्वांत तेजस्वी बिंदू बहुतेकदा 1000 निटपर्यंत, कधी 4000 निटपर्यंत धरलेला असतो. घरच्या प्रोजेक्टरचा उजेड 110 इंचांच्या पडद्यावर पसरला की शंभर निटच्या आसपास उरतो, कित्येकदा त्याहून कमी. म्हणजे डिस्क मागते त्याच्या दहावा हिस्सा. मग वरचा नऊ हिस्से उजेड कुठे जायचा? सरळ कापला तर ढगांचा पांढरा गोळा होतो, त्यातली सुरकुती दिसत नाही. सगळंच दाबलं तर रात्रीचे प्रसंग इतके काळे होतात की माणूस भिंतीत विरून जातो. उजेडाची ही वाटणी कुणीतरी शहाणपणाने करावी लागते. तिला टोन मॅपिंग म्हणतात. भाचीने एकच प्रसंग प्रोजेक्टरच्या दोन सेटिंगवर दाखवला : खिडकीतून ऊन येतंय आणि खिडकीखाली म्हातारी बसली आहे. एकात खिडकीबाहेरचं झाड गायब, दुसऱ्यात झाड आलं पण म्हातारीच्या लुगड्याच्या चुण्या गेल्या.

भाची : पॅनासॉनिकच्या दोन्ही प्लेअरांत एचडीआर ऑप्टिमायझर आहे. तुझ्याकडे ओएलईडी आहे, एलसीडी आहे की प्रोजेक्टर, ते मेनूत सांगायचं. त्याप्रमाणे प्लेअर वरचा उजेड दाबून मग चित्र पुढे पाठवतो. झाडही राहतं आणि चुण्याही राहतात. साधे प्लेअर डिस्कवर आहे ते तसंच प्रोजेक्टरच्या गळ्यात मारतात.

मामा : प्रोजेक्टरने स्वतः करावं ना ते. जेव्हीसीचे महाग प्रोजेक्टर 2019पासून एकेक फ्रेम मोजून करतात, मी वाचलंय.

भाची : करतात. ज्याच्याकडे तो प्रोजेक्टर आहे त्याने प्लेअरमध्ये एवढे पैसे घालू नयेत. आपला मधल्या किमतीचा आहे, त्याला ते जमत नाही. आणि डॉल्बी व्हिजनच्या नावावर भाळू नकोस. घरगुती प्रोजेक्टरांपैकी मोजक्यांनाच ते कळतं. टीव्हीवाल्याने जरूर बघावं, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

मामा : ठीक. चित्रासाठी पहिल्या पायरीपर्यंत मी येतो. पण मुळात डिस्कच कशाला? तुझीच कंपनी सिनेमा घरी पाठवते. फायबर आहे, महिन्याचे पैसे भरतेस. तुमच्याकडे तर चित्राचा दर्जा मोजायचं यंत्रही आहे, व्हीमॅफ का काय.

भाची : व्हीमॅफ. नेटफ्लिक्सने 2016मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. मूळ चित्र आणि दाबलेलं चित्र यांत माणसाला किती फरक जाणवेल, त्याचा आकडा ते देतं.

मामा : मग? तुम्ही दिवसभर हेच सिद्ध करता की फरक जाणवत नाही. आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणतेस, जाणवतो!

भाची : कारण तो आकडा दिवाणखान्यात, नेहमीच्या अंतरावर, टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचा आहे. काळोख्या खोलीत 110 इंचांसमोर दहा फुटांवर बसलेल्याचा तो नाही. नेटफ्लिक्स 4केसाठी 15 मेगाबिटची लाइन पुरे म्हणतं. 4के डिस्कवर सेकंदाला 128 मेगाबिटपर्यंत जायची मुभा आहे, आणि डिस्कवर जागा 100 जीबीपर्यंत. एवढा फरक असताना आम्ही काय करतो? जिथे नजर जात नाही तिथलं कापतो. अंधार, धुकं, धूर, पाण्याचे तुषार आणि फिल्मचे दाणे.

मामा : दाणे?

भाची : जुन्या फिल्मवर जो बारीक रवाळपणा असतो तो. दर फ्रेमला वेगळा, त्यामुळे दाबायला सगळ्यांत अवघड. आता एव्ही1 नावाच्या पद्धतीत आम्ही तो आधी पुसतो, स्वच्छ चित्र पाठवतो आणि सोबत दाण्यांचं वर्णन पाठवतो. तुझा टीव्ही ते वाचून नवे दाणे तयार करून वर शिंपडतो.

मामा : म्हणजे आमटी बिनफोडणीची पाठवायची आणि फोडणीची कृती चिठ्ठीवर!

भाची : अगदी. आणि चव बहुतेक जणांना तीच लागते, यात आमचं कसब आहे. मला माझ्या कामाची लाज नाही. पण मूळ फोडणी हवी असणाऱ्याने डिस्क घ्यावी. आवाजात तर फरक आणखी मोठा. स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवलेला असतो, जास्तीत जास्त 768 किलोबिटच्या आसपास. डिस्कवरचा ट्रू-एचडी त्याच्या कित्येक पट, आणि त्यात काहीही फेकलेलं नसतं. सात स्पीकर आणि सबवूफर घेऊन बसल्यावर तो फरक ऐकू न येणं कठीण आहे.

मामा : आणि पुढच्या पाच वर्षांत लाइन दुप्पट वेगाची झाली की?

भाची : तर आम्ही तेवढ्याच लाइनीत आणखी लोकांना बसवू. वेग वाढला म्हणून बिट वाढवायचे असा कंपन्यांचा हिशेब नसतो, मामा. दर मेगाबिटला पैसे पडतात. आम्हाला बढती मिळते ती आकडा खाली आणल्याबद्दल.

मामा यावर बराच वेळ बोलले नाहीत. चहा झाला. मग त्यांनी मोर्चा मालकीकडे वळवला. डिस्कवाल्यांचा हा हुकमी मुद्दा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मामा : आता तू म्हणशील, डिस्क आपल्या मालकीची, स्ट्रीमिंग भाड्याचं.

भाची : म्हणणारच. 31 मार्च 2023ला एचबीओचं सगळं हॉटस्टारवरून एका रात्रीत गेलं. ज्यांची मालिका अर्धी बघून झाली होती त्यांनी काय करायचं? पुढे ते जिओसिनेमावर आलं, मग दोन्ही कंपन्या एक झाल्या. प्रेक्षकाला कुणी विचारलं? विकत घेतलेल्या डिजिटल सिनेमाचंही तेच. कॅलिफोर्नियाने 2024मध्ये कायदाच केला की तुम्ही जे विकता तो नुसता परवाना असेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

मामा : आणि डिस्क अमर असते? वॉर्नरने 2025मध्ये कबूल केलं की 2006 ते 2008मध्ये छापलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आपोआप बिघडतायत. कपाटात, हात न लावता. थर सुटतात, डिस्क मधेच अडकते. बदलून देऊ म्हणाले, पण तो सिनेमा आता त्यांच्याकडे नसेल तर दुसरा घ्या.

भाची : मला माहीत आहे.

मामा : बरं, डिस्क शाबूत राहिली तर प्लेअर बनवणारा राहत नाही. ओप्पोने एप्रिल 2018मध्ये सांगून टाकलं की आता नवे प्लेअर नाहीत. जगातला सगळ्यांत नावाजलेला 4के प्लेअर काढून दीड वर्षही झालं नव्हतं. 2019मध्ये सॅमसंग अमेरिकेत थांबलं. तिथला पहिला 4के ब्लू-रे प्लेअर त्यांचाच होता. नव्या डिस्कच्या कुलुपाच्या किल्ल्या बदलतात, त्या फर्मवेअर अपडेटमधून मिळतात. कंपनीच राहिली नाही तर अपडेट कुणाकडे मागणार? लेझर गेला तर एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तुला कोण बसवून देणार?

भाची : म्हणूनच आता घ्यायचा. बनवणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

मामा : हा दुकानदाराचा युक्तिवाद झाला : शेवटचे काही नग शिल्लक. या शहरात मी तो फार ऐकलाय. व्हीएचएस गेलं, व्हीसीडी आली, डीव्हीडी आली. सेव्हंटी एमएम आठवते? बेंगळुरूचीच कंपनी, घरबसल्या डीव्हीडी भाड्याने पाठवायची. लोक म्हणाले, आता दुकानात जायला नको. ती गेली. नेटफ्लिक्सनेही त्यांचा टपालाचा डीव्हीडी धंदा सप्टेंबर 2023मध्ये गुंडाळला. ब्रिगेड रोडचं रेक्स थिएटर 2018च्या 31 डिसेंबरला बंद झालं. प्रत्येक वेळी मी नवं यंत्र विकत घेतलंय. आता माझ्या कपाटात काय आहे ते तू कधी नीट बघितलंयस का?

हा प्रश्न वादातला सगळ्यांत मोलाचा निघाला. पुढच्या रविवारी आम्ही तिघांनी राजाजीनगरचं ते कपाट रिकामं केलं. 4के डिस्क एकही नाही. ब्लू-रे मोजक्या, त्यात सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी. 1993मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत तिच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या होत्या. बोलोन्याच्या कारागिरांनी त्या हाताने जोडून, तुटक्या कडा दुरुस्त करून 2015मध्ये ती पुन्हा उभी केली. बाकी सगळं डीव्हीडी आणि व्हीसीडी. मोझर बेअरने 2006-07मध्ये व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हाची खरेदी रबरबँडने बांधलेली. मराठी चित्रपट, आणि त्याहून जास्त मराठी नाटकं. परगावात राहणाऱ्या मराठी माणसाकडे नाटक यायचं ते असंच. वर्षातून कधी इथल्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात एखादा प्रयोग, आणि बाकीचे दिवस दोन व्हीसीडींत कापलेलं नाटक, दुसरा अंक निम्म्यावर आला की उठून डिस्क बदला.

मामा : आता सांग, तुझा अडीच लाखांचा प्लेअर यातलं काय चालवेल?

भाची : व्हीसीडी 352 गुणिले 288 ठिपक्यांची. 4केमध्ये त्याच्या ऐंशीपट ठिपके असतात. 110 इंचांवर नटाच्या चेहऱ्याचे चौकोन दिसतील.

मामा : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

भाची : व्हीसीडीचं मान्य. उलट नव्या प्लेअरांच्या माहितीपत्रकात व्हीसीडीचं नावच अनेकदा नसतं. पण डीव्हीडीचं ऐक. 4के डिस्क लावली की उजेडाची वाटणी सोडून प्लेअरला फारसं डोकं चालवावं लागत नाही. चित्र तयार असतं, उलगडून पुढे द्यायचं. खरी परीक्षा तुझ्या नाटकांच्या डीव्हीडीवर आहे. ती व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेली. सेकंदाला 50 अर्धी चित्रं : एकदा सम रेघा, एकदा विषम. ती जोडून पूर्ण चित्र करायचं. नट स्थिर असेल तर सोपं. पण त्याने हात झटकला की दोन अर्ध्या चित्रांच्या मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो. साधा प्लेअर तसंच जोडतो, मग हाताच्या कडेला करवतीचे दाते दिसतात. चांगला प्लेअर हलणारा भाग ओळखून तेवढाच वेगळा हाताळतो.

मामा : दाते दिसतात खरे. शालूच्या काठावर तर फारच. मला वाटायचं डिस्कच तशी आहे.

भाची : डिस्कचा दोष थोडा, प्लेअरचा जास्त. मात्र एक गोष्ट कुठलाच प्लेअर सुधारणार नाही. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर 24 फ्रेमचा सिनेमा 25ने पळवतात. चार टक्के जलद. गाण्याचा सूर अर्ध्या पट्टीच्या जवळपास चढतो. ब्लू-रेवर सिनेमा 24नेच चालतो, म्हणून तिथे गाणं मूळ सुरात येतं.

मामा : म्हणजे इतकी वर्षं आमच्या गायिका काळी दोनच्या वरच गात होत्या!

भाची : आता खरेदीचं. न्यू जर्सीची आतेबहीण दिवाळीला येतेय, तिला आणायला सांगते.

मामा : थांब. तिच्याकडून मागवलास तर फसशील. अमेरिकन पॅनासॉनिक 120 व्होल्टचा, इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. ते एक वेळ चालेल. पण डीव्हीडीचा त्यांचा विभाग 1, आपला 5. ब्लू-रेचा त्यांचा ए, आपला सी. शिवाय अमेरिकन प्लेअर पालच्या डीव्हीडीला कित्येकदा हात लावत नाहीत. 4के डिस्कना विभागाचं बंधन नाही, म्हणून तुझ्या नव्या डिस्क धावतील आणि माझी नाटकं दारात उभी राहतील.

भाची : हे माझ्या यादीत नव्हतं.

मामा : यादीत किमती होत्या. विलायतेतला घे. तो 230 व्होल्टचा, पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवतो. विभाग 2चा आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडींवर पृथ्वीच्या गोलात 'ऑल' लिहिलेलं असतं. त्या जगात कुठेही चालतात. ज्यांच्यावर 5 आहे तेवढ्या वेगळ्या काढ, त्या जुन्या प्लेअरवर बघू. तो मोडीत द्यायचा नाही.

भाची : म्हणजे तू प्लेअर घ्यायला हो म्हणतोयस?

मामा : एकाला. अडीच लाखांच्या पेटीला नाही. हिशेब कर. एक 4के डिस्क बाहेरून मागवली तर अडीच-तीन हजारांच्या खाली पडत नाही. दोन लाख वाचले तर साठ-सत्तर डिस्क येतात. किंवा या खोलीच्या उघड्या भिंतींना फोमचे पॅनेल लाव, खिडकीला जाड पडदा लाव. आवाज आणि काळोख दोन्ही सुधारतील. पेटीपेक्षा खोली जास्त ऐकू येते.

भाची : आणि तुझ्या शास्त्रीय संगीताच्या सीडी? त्या चांगल्या डॅकमधून ऐकायच्या नाहीत?

मामा : माझा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर चांगला असता आणि एसएसीडीचा, म्हणजे सुपर ऑडिओ सीडीचा गठ्ठा असता तर मीच तुला महाग प्लेअर घे म्हटलं असतं. तेव्हासुद्धा आधी बघ म्हटलं असतं : पॅनासॉनिकचे हे दोन्ही प्लेअर एसएसीडी वाचतच नाहीत, थोरलाही नाही. महाग म्हणजे सगळं चालतं असं समजू नये.

वाद इथे थांबला. दोघांचं सगळ्यावर एकमत झालं असं मुळीच नाही. मामा अजून म्हणतात की दहा वर्षांनी डिस्क हा छांदिष्टांचा मामला उरेल; भाची म्हणते, तो आजही तसाच आहे आणि म्हणूनच तो नीट करावा. पण खरेदीपुरता निवाडा स्पष्ट आहे, आणि तो आमच्यासारख्या कुणाही घराला लागू पडेल.

पडदा मोठा असेल, खोली काळोखी करता येत असेल आणि आत्ताचा प्लेअर 4के डिस्क वाचत नसेल तर एक पायरी वर जाणं योग्य आहे. चित्रात, आणि स्ट्रीमिंगच्या तुलनेत त्याहून जास्त आवाजात, त्याचं चीज होतं. प्रोजेक्टर मधल्या किमतीचा असेल तर टोन मॅपिंग करणाराच प्लेअर बघावा. प्लेअर रिसीव्हरला एचडीएमआयने जोडणार असाल तर त्या पायरीवर थांबावं. त्यापुढचे पैसे डॅकचे आणि पत्र्याचे आहेत. अ‍ॅनालॉग जोडणी, उत्तम अ‍ॅम्प्लिफायर आणि एसएसीडी असतील तरच पुढे जावं. पन्नास इंची टीव्ही आणि टीव्हीतलेच स्पीकर असतील तर काहीच घेऊ नये, स्ट्रीमिंग उत्तम आहे. आणि परदेशातून मागवताना व्होल्ट, विभाग, पाल आणि एसएसीडी या चार गोष्टी किमतीच्या आधी विचाराव्यात.

आम्ही यूबी 820 ठरवला, विलायतेतला. तो यायला वेळ आहे. तोवर भाचीने मामांच्या व्हीसीडी एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवायला घेतल्या आहेत. व्हीसीडीला कुलूप नसतं, साध्या डीव्हीडी ड्राइव्हवर काम होतं. काही आताच वाचता येत नाहीत. तुमच्या घरीही असा गठ्ठा असेल तर आधी तो उघडा आणि ज्या चालतायत त्या उतरवून ठेवा. प्लेअर पुढच्या वर्षीही विकत मिळेल. त्या 28 रुपयांच्या नाटकाची दुसरी प्रत कदाचित कुठेच मिळणार नाही.